उपाशी रहाट

शनिवार, ३ जानेवारी

सात डबे! एक नाही, दोन नाही, तुपाचे सात रिकामे डबे करनीने मला न विचारता उचलले, त्यांच्या पाठीत खिळे ठोकले आणि वर मला, शहाताच्या आईलाच, विचारतो, "उम्म शहाता, आणखी पाच निघतील का?" रिकामे म्हणजे तुपाने रिकामे. एकात मसूर होता, एकात सुकवलेली भेंडी, एकात मीठ. सगळं याने चटईवर ओतलं. मसूर बदकांनी खाल्ला. मी ओरडले तर म्हणतो, "बदकं माजतील, तुझाच फायदा."

बाकीच्या बायकांचे नवरे जानेवारीत कालव्याचा गाळ काढायला जातात, कहवाखान्यात बसतात, घरी येऊन झोपतात. माझा नवरा विचार करत बसतो. दरवर्षी या महिन्यात सरकार कालव्याचं पाणी तोडतं आणि गावातले रहाट तीन-चार आठवडे उभे राहतात. करनी रहाटाचा राखणदार. अकरा महिने फळ्या ठोकतो, आसाला वंगण लावतो, तेव्हा बरा असतो. रहाट थांबला की याचं डोकं फिरायला लागतं.

यंदा काय, तर "रहाट पाण्यावर फिरतो आणि पाणी वर नेतो. मग तेच वर नेलेलं पाणी पुन्हा रहाटावर सोडलं तर? कालवा हवा कशाला?"

मी म्हटलं, "मी स्वतःलाच कडेवर घेतलं तर मला चालायला कशाला लागेल?"

तो म्हणाला, तुला कळायचं नाही.

साक्षरता वर्गाच्या बाई, अब्ला मग्दा, म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी लिहा, कुणाला दाखवू नका. चारच्या किती झाल्या बघा. याला कारण करनी.

सोमवार, ५ जानेवारी

मला कळत नाही म्हणे. मी नाईलकाठची आहे. तिकडे रहाट म्हशीवर चालायचा. आठ वर्षांची असल्यापासून डोळे बांधलेल्या म्हशीमागे मी गोल गोल फिरले आहे. म्हैस थांबली की रहाट थांबायचा. बरसीमचा चारा कमी घातला की संध्याकाळी पाणी कमी यायचं. माझा बाप शाळेत गेला नव्हता, पण शेताला किती पाणी हवं ते तो म्हशीच्या पुढ्यातल्या चाऱ्यावरून सांगायचा.

इकडे फय्यूमची माणसं वेगळी. यांचा रहाट कालव्यात उभा, खालून पाणी ढकलतं, रात्रंदिवस फिरतो. बापाने पाहिला तसाच फिरताना, आजाने पाहिला तसाच. जन्मात कुणी त्याला पेंढी घातली नाही. म्हणून यांना वाटतं ताकद लाकडात आहे.

मी करनीला म्हटलं, "तुमचा रहाट पण खातो. कालव्याची धाव खातो. पाणी वरून येतं, खाली जातं, जाता जाता याला ढकलतं. धाव संपली की तो उपाशी. आता बघ की, उभाच आहे ना?"

"तुझ्या बापाचा रहाट आळशी होता."

"माझ्या बापाची म्हैस तुझ्यापेक्षा हुशार होती. चारा दिसल्याशिवाय पाऊल उचलायची नाही."

हसला मेला. मग एकदम विचारतो, "वरच्या तुकड्याला तू दिवसाला किती खेपा घालतेस?"

वरचा तुकडा म्हणजे माझ्या अर्ध्या फद्दान जमिनीतला वरचा तिसरा हिस्सा. जमीन माझी, माझ्या बांगड्या विकून घेतलेली, कागदावर माझं, इन्साफचं, नाव. खालच्या भागाला रहाटाच्या पाटाचं पाणी मिळतं, दर गुरुवारी पाच तास, ती आमची पाळी. वर मात्र पाट चढत नाही. तिथे मी बाबुना लावते, ती औषधी पांढरी फुलं, आणि खालच्या साठवणीच्या खड्ड्यातून डबे भरून डोक्यावरून नेते.

म्हटलं, "का? कमी पडतात?"

त्याने कोळशाने भिंतीवर बेचाळीस लिहिलं. म्हणजे माझ्यावर पहारा ठेवून होता. सव्वीस वर्षं संसार करून आता खेपा मोजतोय!

शनिवार, १० जानेवारी

याचा नवा रहाट उभा राहतोय. वरच्या तुकड्याला लागूनच. एका आसावर दोन चाकं. मोठ्या चाकाला माझे डबे, ते खालच्या खड्ड्यातून पाणी उचलून वरच्या पिंपात ओतणार. पिंपातून पन्हळीने पाणी लहान चाकाच्या फळ्यांवर पडणार, त्याने आस फिरणार, पाणी परत खड्ड्यात. असं कयामतपर्यंत.

सुतार उस्ता रूबी. मी त्याला चहा दिला आणि सरळ विचारलं, "उस्ता, फिरेल का हे?"

म्हणाला, "उम्म शहाता, मी पाळणे करतो आणि जनाज्याची खाटही करतो. मूल मोठं होईल का, मेलेला जन्नतमध्ये जाईल का, हे मी विचारत नाही. साखर आणखी घाल."

"आणि एवढं लाकूड आलं कुठून?"

तो साखर ढवळायला लागला. इतका वेळ कुणी साखर ढवळत नाही.

रविवार, ११ जानेवारी

लाकूड हाज तव्वाबचं आहे. आमच्या वरच्या बांधापलीकडे त्याची जैतुनाची बाग. मऊ आवाज, मऊ हात. गेली सहा वर्षं तो आमच्या गुरुवारच्या पाळीवर डोळा ठेवून आहे, कारण त्या वेळी कालव्याला सगळ्यात जास्त धाव असते.

करनीने कहवाखान्यात तीन माणसांदेखत शब्द दिलाय. रहाट सलग सात दिवस, कालवा सुटेपर्यंत, न थांबता फिरला तर गुरुवारची पाळी हाजची. कायमची. नाही फिरला तर लाकूड परत.

मी म्हटलं, "पाळी माझ्या जमिनीची. तू कोण देणारा?"

"पाणी आपलं आपण काढलं तर पाळी लागेल कशाला?"

"खाली मी काय पेरू मग? तुझी अक्कल?"

"नाही फिरला तर काही जात नाहीच ना," म्हणतो. "तूच म्हणतेस फिरणार नाही. मग घाबरतेस कशाला?"

याचं उत्तर आत्ता सुचतंय. मी न फिरणाऱ्या रहाटाला घाबरत नाही. फुकट लाकूड देणाऱ्या हाज तव्वाबला घाबरते. त्या माणसाने आजवर सावलीसुद्धा फुकट दिलेली नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

आज फिरवला. पिंप भरायला पाणी कुणी वाहिलं? मी. चाळीस डबे शिडीवरून वर. उस्ता रूबी म्हणाला, "बिस्मिल्ला," करनीने पन्हळीची फळी काढली आणि चाक खरंच फिरलं. बदकं किंचाळत पळाली. करनीचा चेहरा असा, जणू त्याला नातू झालाय.

नऊ फेरे झाले. दहाव्याला चाक निम्मं गेलं, थांबलं, थोडं मागे आलं आणि गप्प. पिंप रिकामं.

"वंगण कमी पडलं," करनी म्हणाला.

मला स्पष्ट दिसत होतं. ते नऊ फेरे माझे होते. चाळीस डबे मी वर चढवले, त्यातलं थोडं त्याने मला फिरवून दाखवलं. बाकीचं गळालं, सांडलं, करकरण्यात गेलं. ती करकर फुकट होत नाही. आसाला हात लावून पाहिला तर कोमट. जानेवारीत, सकाळी! ती ऊबसुद्धा माझ्याच डब्यांतली.

हे करनीला सांगितलं तर म्हणतो, "उद्या अकरा होतील."

शनिवार, १७ जानेवारी

अकरा झाले. वंगणाने. मग याने डबे मोठे लावले म्हणजे पाणी जास्त वर जाईल. झाले सहा. डबा मोठा तसा उचलायला जडही, हे कुणी सांगायचं? मग चाकाच्या एका अंगाला दगड बांधले, म्हणजे दगड खाली जाताना ओढतील. खाली जाताना ओढलं, खरं आहे. पण तो दगड मग खालीच राहतो ना? त्याला वर कोण आणणार? तीन फेरे झाले, एक दगड सुटला आणि उस्ता रूबीच्या कानाजवळून गेला.

रूबी शांतपणे म्हणाला, "करनी, जनाज्याची खाट मी दुसऱ्यांसाठी करतो. माझ्यासाठी अजून मोजमाप घेतलेलं नाही."

मी इतकी हसले की करनी हातोडा टाकून घरात गेला. संध्याकाळी कांदा-भाकरीही न खाता भिंतीकडे तोंड करून बसला, त्या कोळशाच्या आकड्याकडे बघत. म्हटलं, गणित चुकलं तर भिंतीला का दोष देतोस?

मंगळवार, २० जानेवारी

हाज तव्वाब स्वतः आला. बरोबर संत्री. मी संत्री घेतली, आभार मानले नाहीत.

म्हणाला, "करनी, तुझी अक्कल सोन्याची. पिंप लहान आहे, एवढंच. माझ्या बांधावर जुना विटांचा हौद पडलाय ना, त्याला रहाट जोड. पाणी भरपूर साठलं की चाकाला जोर येतो."

करनी लगेच उठला. मी म्हटलं, "हाज, साठवलेलं पाणी संपतं. पिंपातलं लवकर, हौदातलं उशिरा."

हाज हसला. "उम्म शहाता, वर्गात जायला लागल्यापासून तू मुहंदिस झालीस."

"इंजिनिअर व्हायला मला काय लागतं? मी पाणी वाहते."

करनीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला दगड मारला.

गुरुवार, २२ जानेवारी

फिरतोय.

सकाळी सुरू केला, दुपारी फिरत होता, मी हे लिहितेय तेव्हाही फिरतोय. गाव लोटलंय. उस्ता रूबी चाकासमोर उकिडवा बसून स्वतःच्याच हातांकडे बघतोय. पोरं ओरडताहेत, बायका जिभा हलवत झगारीतच्या किलकाऱ्या देताहेत, जणू वरातच. हाज तव्वाबने सगळ्यांदेखत करनीच्या डोक्याचा मुका घेतला.

मी काय लिहू? मोजायला बसले. पाचशेपर्यंत मोजले, मग भाकऱ्या करायच्या होत्या.

शनिवार, २४ जानेवारी

तिसरा दिवस. थांबला नाही.

आणि नुसता फिरत नाही, पाणी वाढतंय! खालचा खड्डा भरून वाहतोय. करनी म्हणतो, "रहाट व्यायला लागला." ते उतू गेलेलं पाणी त्याने चर खणून थेट माझ्या बाबुन्यात नेलं. तीन दिवस मी एक डबा उचललेला नाही. मानेची ती शीर, जी दहा वर्षं दुखतेय, ती काल दुखली नाही. हातांना काय काम द्यावं कळेना, म्हणून दोनदा अंगण झाडलं.

खरं लिहायचं तर, मला बरं वाटलं. मी चुकले असेन. माझा बाप चुकला असेल. म्हैस उगीच फिरली असेल इतकी वर्षं. करनी दिवसातून चार वेळा येऊन विचारतो, "आज एकही खेप नाही ना?" मी म्हणते, नाही बाबा, किती वेळा सांगू. आणि तो शीळ घालत जातो. स्वतःची बढाई ऐकायची हौस, दुसरं काय.

पाळीचं मात्र डोक्यातून जात नाही. गुरुवारी सात दिवस पुरे.

रविवार, २५ जानेवारी

कपडे धुवायला खड्ड्यावर गेले. इतकं पाणी हाताशी, कोण दूर जाणार? साबण घासला. फेस नाही. आणखी घासला. फेस नाही, नुसता दह्यासारखा चोथा कपड्याला चिकटला. निम्मी वडी गेली.

पाणी तोंडात घेतलं. मचूळ, खारट.

या खड्ड्यातलं पाणी मी ओळखते. कालवा तुटायच्या आधी भरून ठेवलेलं गोड पाणी ते. मी स्वतः वाहिलंय, स्वतः चाखलंय. तेच पाणी वर जातंय आणि तेच खाली येतंय, तर खारट झालं कसं? खारट पाणी गावात एकाच ठिकाणी आहे. शेतांतून निथळून जमतं त्या सांडनाल्यात. आणि त्या नाल्यावर हाज तव्वाबचं इंजिन आहे. कालवा बंद असला की दिवसभर ठक-ठक करत त्याच्या जैतुनांना पाणी देतं, हल्ली रात्रीही. इतकी सवय झालीय की ते ऐकूच येत नाही.

वरच्या तुकड्यात जाऊन बाबुन्याची रोपं पाहिली. पानांच्या कडा तांबूस पडल्यात. मी तिथल्या तिथे चर बुजवला.

माझा बाप चुकला नव्हता. रहाट फिरतोय म्हणजे कुणीतरी चारा घालतंय.

सोमवार, २६ जानेवारी

आज धुणं घेऊन रहाटासमोर बसले आणि कान इंजिनाकडे ठेवला. दुपारी जुहरच्या अजानला हाजचा माणूस इंजिन बंद करून जेवायला गेला. ठक-ठक थांबलं. मी फेरे मोजू लागले. पाण्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. हौद मोठा, म्हणून दोनशे एक फेरे झाले, पण दोनशे दोनला चाक डुगडुगलं आणि थांबायलाच आलं. तेवढ्यात ठक-ठक परत सुरू. हौदात खालून बुडबुडे. चाकाला पुन्हा दम आला.

मी बांधावर चढले. हौदाच्या मागे बोरूचं बन. बोरू बाजूला सारला. तिथे हौदात शिरणारा जुना लोखंडी नळ, बुडाशी, पाण्याच्या पातळीखाली, आणि त्याला इंजिनाकडून आलेली नवी कोरी काळी रबरी नळी. वर खजुराच्या फांद्या टाकलेल्या. करनीला वाटलं असेल तो नळ कधीचा मेलाय.

घरी आले. करनी जेवायला बसला होता. मी सरळ सांगितलं. मला गोल गोल बोलता येत नाही. नळी, साबण, दोनशे एक फेरे, सगळं.

तो उठला, गेला, पाहून आला. खूप वेळ गेला होता. परत बसला तेव्हा त्याच्या पायघोळ जलाबियाला बोरूचा चिखल होता.

म्हणाला, "वरच्या तुकड्याचं काय मग?"

"काय म्हणजे? मला दोन हात आहेत."

"तेच तर," म्हणाला.

तेच तर काय? विचारलं तर भाकरी कुस्करत बसला. पाळी जातेय त्याचं काही नाही, गावात हसू होईल त्याचंही नाही. म्हटलं, "जा हाजकडे, शब्द मागे घे."

"तीन माणसांदेखत दिलाय. रहाट फिरतोय हे सगळ्या गावाने पाहिलंय. नळी आता काढतील आणि म्हणतील कुठली नळी. मी काय सांगू? माझ्या बायकोच्या साबणाला फेस आला नाही?"

"हो," मी म्हटलं, "तेच सांग."

तो हसला नाही. एरवी हसला असता.

मंगळवार, २७ जानेवारी

उजाडायच्या आत उठून करनीने खेपा घातल्या. माझे डबे घेऊन, डोक्यावरून! आयुष्यात पहिल्यांदा. अर्धं पाणी वाटेवर, पाव त्याच्या अंगावर. गोडं पाणी कुठून आणलं तर थेट खालच्या गावच्या नळावरून. दहा खेपांत बाबुन्याला पोचलं ते माझ्या चार खेपांएवढं. मी म्हटलं, पाणी घालतोयस की रस्ता धुतोयस? कहवाखान्यात तोंड दाखवायचं नाही म्हणून काहीतरी काम काढलंय. बारा वाजेपर्यंत मानेला हात लावून बसला होता. मी तेल चोळून दिलं. म्हणाला, "दहा वर्षं?" मी म्हटलं, काय दहा वर्षं, मान सरळ ठेव.

तो काही हाजकडे जाणार नाही. म्हणून मीच चिठ्ठी लिहिली. अब्ला मग्दांना दाखवली नाही. चूक असली तर असू दे, वाचता येते. हाजच्या हातात मी स्वतः दिली आणि तो वाचेपर्यंत तिथेच उभी राहिले. चेहऱ्यावरचा मऊपणा पहिल्या ओळीलाच गेला. त्याने तिची घडी करून खिशात ठेवली. म्हणून इथे उतरवून ठेवते, उद्या कुणी म्हणू नये मी असं लिहिलंच नव्हतं.

"हाज तव्वाब, सलाम.

तुमच्या हौदामागे नळी आहे. मी तिला हात लावलेला नाही. उस्ता रूबीला दाखवून ठेवली आहे, तो आता तिथेच उकिडवा बसला आहे आणि उठणार नाही. तुमच्या माणसाने ती ओढून काढली तर तो ओरडेल, आणि त्याचा आवाज तुम्हाला माहीत आहे.

रहाट पाणी वर नेतो तेव्हा खातो, आणि तेच पाणी खाली सोडलं तर त्याला खाल्ल्यापेक्षा कमीच परत मिळतं. तुम्हाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, नाहीतर तुम्ही नळी लावली नसती. करनीला ठाऊक नव्हतं. त्याने जे केलं ते खुळेपणाने केलं. तुम्ही जे केलं ते शहाणपणाने केलं, म्हणून मी तुमच्याकडे आले आहे, त्याच्याकडे नाही.

तुम्ही इंजिन बंद करायचं. ज्या तीन माणसांदेखत शब्द घेतला त्यांना घेऊन माझ्या दारात यायचं, आणि गुरुवारची पाळी माझ्या, इन्साफच्या, जमिनीची आहे आणि राहील असं तुमच्या तोंडाने सांगायचं. लाकूड परत मिळणार नाही. माझी रोपं खारट पाण्याने जळाली, ते त्यात गेलं. रहाट का थांबला हे गावाला काय सांगायचं ते करनी ठरवेल. तो जे सांगेल त्याला तुम्ही मान हलवायची. त्याला कुणी हसलं तर ते मी तुमच्याकडून मोजून घेईन.

नाहीतर गुरुवारी सकाळी कालवा सुटताना सगळा गाव काठावर असेल, आणि मी साबणाची वडी आणि रहाटाच्या पाण्याचा डबा घेऊन तिथे येईन.

बुधवारी संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या आत सांगा. येताय की नाही?"